बांधाकडची खोली

प्रतिभा नकाशे काढायची. एका इंजिनिअरच्या ऑफिसात दहा वर्षं ट्रेसिंग पेपरवर वाकून तिची मान कायमची डावीकडे झुकली होती, पण रेघ अजून सरळ यायची. मखमलाबाद रस्त्याच्या मळ्यात प्लॉट पडले आणि वडिलांनी, गोटीरामदादांनी, एक स्वतःला ठेवला, तेव्हा घराचा नकाशा अर्थात तिनंच काढला. बैठक, स्वयंपाकघर, तिची खोली. चौथ्या खोलीत 'शयनगृह' लिहायला गेली तर म्हातारा अडून बसला.

"नाव टाक. जल्मभर वावरात राह्यलो, आता माझ्या नावाची खोली पायजे."

तिनं हसत हसत लिहिलं, 'दादा'. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण नकाशा मंजूर झाला.

नियम सरळ होता. बाजूच्या हद्दीपासून घराच्या भिंतीपर्यंत तीन मीटर जागा मोकळी सोडायची. सगळे तिला मार्जिन म्हणतात. अठ्ठ्याण्णव साली जोत्याच्या वेळी प्रतिभानं स्वतः टेप धरला होता. चोख तीन मीटर. दादांची खोली त्याच बाजूला होती. कुंपणापलीकडे तिच्या वारलेल्या चुलत्याची, पुंजाची, पडीक जागा. चुलती नवसाबाई चांदवडला माहेरी निघून गेली होती, आणि तिथं तरवडाशिवाय काही उगवत नव्हतं.

घर उभं राहिलं. पुढच्या मे महिन्यात भोगवट्याच्या दाखल्यासाठी तपासणीस आले. त्या दाखल्याशिवाय घर बांधून न बांधल्यासारखंच. त्यांनी टेप लावला आणि मान हलवली. दोन मीटर ब्याण्णव.

प्रतिभाला राग आला. इतरांचे नकाशे चुकतील, तिचा कसा चुकेल? नवा पोलादी टेप आणून तिनं चारदा मोजलं. ब्याण्णवच. ओळंबा सोडून पाहिला, भिंत काटेकोर उभी. कुंपणाच्या भिंतीलाही कुठं तडा नाही.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात दोन चौऱ्याऐंशी भरलं. त्या सकाळी ओल्या मातीचा वास येत होता आणि आभाळात ढगाचं नाव नव्हतं. तिनं टाचा उंचावून पलीकडे पाहिलं. कुंपणाला लागून नांगराचा एकच तास ओढलेला होता, ताजा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मातीत बैलाचा खूर उमटलेला नव्हता, माणसाचं पाऊलही नव्हतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, आणि कुठल्या तोंडानं?

दोन हजार एकमध्ये दोन शहात्तर भरलं आणि नोटीस आली. मार्जिनमध्ये येणारी खोली पंधरा दिवसांत पाडा. म्हणजे दादांचीच खोली.

नोटीस घेऊन ती त्यांच्या खाटेशी बसली.

"दादा, कुंपण आत सरकतंय." बोलताना तिची तिलाच लाज वाटली.

"किती?"

"दर साली आठ सेंटीमीटर."

"ते मला कळत नाय. बोटात सांग."

तिनं टेपवर बोटं आडवी ठेवली. "चार."

दादांनी तिच्या बोटांशेजारी आपली चार बोटं टेकवली.

"मी बी चारच खायचो," ते म्हणाले. "पुंजाचा बांध. दर नांगरटीला चार बोटं कोरायचो. कुणाला दिसत नाय तेवढ्यानं."

"काका काही बोलले नाहीत?"

"कधी नाय. बांधावर हुभा राहून निस्ता बघायचा."

"किती वर्षं कोरलात?"

"एकोणीस."

तिच्या मनातली पेन्सिल चालू झाली. एकोणीस वेळा चार बोटं म्हणजे दीड मीटर. भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच थांबेल! तिचा जीव भांड्यात पडला. तिनं ते दादांना सांगितलंसुद्धा.

"तसं नाय, पोरी," दादा म्हणाले. "तो गेला आन् मी बांधच उचलून पल्याड नेला. ही खोली सगळी त्याच्या रानात हाय."

सोळाव्या दिवशी तपासणीस आले. बरोबर पहारी घेतलेले दोन गडी. दादा खोलीतून हलायला तयार नव्हते. त्यांच्या पुढ्यात चहा ठेवून प्रतिभा बाहेर आली. ओल्या मातीचा वास येत होता.

टेप ताणला गेला. तपासणीस खाली वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"बाई, तीन मीटर आहे की!"

पुन्हा मोजलं. तीन मीटर. त्यांनी गड्यांना परत पाठवलं आणि नकाशावर तिथंच सही केली.

प्रतिभाला रडू आवरेना. "दादा, वाचलं घर!" म्हणत ती आत धावली.

स्वयंपाकघरातून दादांच्या दारापर्यंत दोन पावलं होती.

दार नव्हतं.

भिंत होती. भिंतीत फडताळ, फडताळात बरण्या, बरण्यांवर जुना तेलकट थर.

तिनं हाका मारल्या. भिंतीवर हात आपटले.

"कुणाला शोधताय?" तपासणीस दारात येऊन उभे होते.

"वडील. त्यांच्या खोलीत होते. ही चौथी खोली..."

त्यांनी हातातला कागद उलगडला. "तीनच खोल्या आहेत, बाई."

तिनं कागद ओढून घेतला. मंजुरीचा जुना शिक्का, तिच्याच हातच्या रेघा. खाडाखोड कुठंही नाही. बैठक, स्वयंपाकघर, तिची खोली. मग मोकळं मार्जिन, मग हद्दीची रेघ. रेघेपलीकडच्या कोऱ्या जागेत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'दादा'.

रेघ आणि अक्षर यांच्यामध्ये तिनं आपला हात आडवा ठेवला. बरोबर चार बोटं बसली.