बगळोबाची बॅटरी का उरते?

बगळोबा चोरी करतोय, याबद्दल मिहिकाच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

बगळोबा म्हणजे गार्गीआत्याचा यंत्रमानव. लांब काटकुळे पाय, वर छोटंसं गोल धड आणि पुढे आलेलं नळीसारखं तोंड. त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. रोज पहाटे आत्या फिरायला निघाली की पाण्याची बाटली आणि टोपी सांभाळत तो तिच्या मागून चालायचा. फेरीहून परतल्यावर त्याच्या छातीवरचा दिवा बघून बॅटरी किती उरली हे सांगायचं काम मिहिकाचं. संक्रांतीच्या सुमारास तो नवा आला, तेव्हा एका फेरीत त्याची निम्मी बॅटरी खलास व्हायची. आता वैशाख लागला होता. फेरी तीच, वाट तीच, आणि तरी पाऊण बॅटरी शिल्लक! वीज आभाळातून पडते हे खरं, पण ती काही बॅटरीत जाऊन बसत नाही.

"एक तर हा वाटेत कुठेतरी गुपचूप वीज पितो, नाहीतर अर्ध्या वाटेत झाडाखाली बसून राहतो," मिहिकाने निकाल देऊन टाकला.

मिहिका अकरा वर्षांची. तिचे आई-बाबा वर्षभरासाठी अंटार्क्टिकाच्या तळावर कामाला गेले होते, म्हणून ती पाटणच्या वरच्या पठारावर आत्याकडे राहत होती. पठारावर मेघशाळा होती (ढगांचा अभ्यास करणारी वेधशाळा), आणि गार्गीआत्या तिथली शास्त्रज्ञ. यंदा गणपतीनंतर मेघशाळेचा मोठा फुगा पहिल्यांदाच माणसाला घेऊन ढगात शिरणार होता. विमान ढगातून सुसाट निघून जातं. फुगा मात्र वाऱ्याबरोबर, ढगाच्याच चालीने चालतो. ढग आत कसा वाढतो हे शांतपणे बसून बघायचं, हे आत्याचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. पण पाळण्यात जागा एकाच माणसाची आणि त्या माणसाचं वजन सत्तर किलोच्या आत हवं.

आत्या होती अठ्ठ्याहत्तर किलोंची. तिने कंबर कसली, भजी-फरसाण बंद केलं, चालायला सुरुवात केली आणि होळीपर्यंत त्र्याहत्तरावर आली. मेघशाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर काटा जो अडला तो अडलाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिहिका चोर पकडायला निघाली. झुडपांच्या आडून ती दोघांच्या मागे चालत राहिली. आत्या पवनचक्कीपाशी गेली, पाण्याच्या टाकीला वळसा घातला, ठरलेल्या दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी आवळली आणि त्याच चालीने परत फिरली. बगळोबा तिच्या मागे एकही पाऊल न चुकवता चालला. वीज पिणं नाही की झाडाखाली बसणं नाही. मिहिकाच्या हाती काटे तेवढे लागले, तेही सलवारीतून उपटून काढावे लागले.

घरी येऊन आत्या वजनकाट्यावर उभी राहिली आणि लगेच उतरून तिथेच जमिनीवर बसली.

"बस्स झालं गं मिहू," ती म्हणाली. "शेलारकाकांना सांगून टाकते, दुसरं कुणाचं नाव घ्या म्हणून."

शेलारकाका फुग्याचे प्रमुख होते.

"असं काय गं आत्या! अजून गणपतीपर्यंत वेळ आहे की."

"वेळ असून काय उपयोग? एक दिवस चुकवला नाही मी. मधे रात्रीचं जेवणही सोडून बघितलं. वजन जागच्या जागी, आणि मी मात्र दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते. माझं शरीरच माझ्याशी वैर धरून बसलंय."

बोलता बोलता आत्याला रडू फुटलं. आत्या रडू शकते हेच मिहिकाला ठाऊक नव्हतं. ती तडक पडवीत गेली आणि सगळा राग तिने बगळोबावर काढला.

"तुझं बरं आहे! आत्या इतकी चालते आणि तिचं काही कमी होत नाही. तूही तितकंच चालतोस आणि तुझी बॅटरीही कमी होत नाही. खरं सांग, काय लबाडी करतोस?"

"मी लबाडी करत नाही, मिहिकाताई," बगळोबा अदबीने म्हणाला. "मी शिकलो."

"काय शिकलास?"

"वाट. पहिल्या दिवशी मला प्रत्येक दगड नवा होता. पाय ठेवला की तोल जायचा. तो सावरायला सगळ्या मोटरी एकदम चालवाव्या लागत. आता कोणता दगड डगमगतो, चढ कुठे सुरू होतो, सगळं मला पाठ आहे. जिथे एक मोटर पुरते तिथे मी दोन चालवत नाही. मला बनवणाऱ्यांनी सांगितलंय, काम तेच असेल तर वीज वाचवत जा."

मिहिका हसणार होती, पण हसू ओठांवर येता येता थांबलं. तेच काम, कमी वीज. हे फक्त बगळोबालाच लागू होतं का?

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने बगळोबाला पूर्ण चार्ज केलं आणि पठाराच्या मागच्या बाजूला, कातळातल्या उतरणीवर नेलं. अंतर फेरीइतकंच ठेवलं, म्हणजे तुलना सरळ व्हावी. बगळोबा अडखळला, घसरला, एकदा तर नळीवर आपटला. घरी येईपर्यंत छातीवरचा दिवा निम्म्यावर आला होता. मिहिका धावत आत गेली आणि आत्याला हाताला धरून ओढत पडवीत घेऊन आली.

"आत्या, तुझं शरीर वैरी नाहीये! ते हुशार आहे. त्याला तुझी फेरी पाठ झालीय!"

"मी काय यंत्र आहे?" आत्या आधी फणकारली. मग तिने दिव्याकडे पाहिलं. मग मिहिकाच्या धुळीने माखलेल्या चपलांकडे. आणि मग कपाळावर हात मारून ती मोठ्याने हसली. "अगं, ढगाचं सगळं गणित मला येतं, आणि स्वतःचं एवढंसं गणित सुटलं नाही होय!"

"मला नीट सांग ना ते गणित."

आत्याने तिला शेजारी बसवलं. "हे बघ, अन्नातून आपल्याला ऊर्जा मिळते. ती उष्मांकांत मोजतात (उष्मांक म्हणजे अन्नातल्या ऊर्जेचं माप). खर्चापेक्षा मिळकत जास्त झाली की उरलेली ऊर्जा चरबी होऊन साठते. खर्च वाढला की साठवण वापरली जाते आणि वजन उतरतं. इथवर ठीक?"

"ठीक."

"आता आपलं शरीर फार जुन्या वळणाचं आहे. माणूस रानात राहायचा तेव्हा उद्या खायला मिळेल याची खात्री नसायची. म्हणून शरीर काटकसर शिकलं. घरी नवा पाहुणा आला की किती धावपळ होते! चार भाज्या होतात, भात उरतो. तोच पाहुणा रोज यायला लागला की? त्याला किती भात लागतो हे ठाऊक होतं, आणि तेवढाच शिजतो. माझी फेरी शरीराला रोजचा पाहुणा झाली. स्नायूंना कमी श्रमात चालणं जमायला लागलं. याला अनुकूलन म्हणतात (परिस्थितीशी जुळवून घेणं)."

"एवढ्यानेच वजन अडलं?"

"नाही. मी पाच किलोंनी हलकी झाले, म्हणजे वाहून न्यायचं ओझंही कमी झालं. रिकामी बैलगाडी ओढायला बैलाला कमी चारा पुरतो ना, तसं. आणि जेवण सोडलं तेव्हा शरीर आणखी घाबरलं. नकळत मी दिवसभर कमी हिंडले-फिरले, सारखी बसून राहिले. तिथेही खर्च घटला."

"मग वाट बदल की! साधी गोष्ट आहे."

गोष्ट साधी नव्हती, कारण या घरात नेमाला फार मान होता. मिहिकाचे आजोबा म्हणायचे, नेम मोडला की माणूस मोडला. ते जन्मभर एकाच घाटावर, एकाच पायरीवर नदीची अंघोळ करत आले. त्यांची लेकही त्याच मातीची. एकदा पवनचक्की आणि टाकी ठरली की वीज कोसळली तरी आत्या दुसरीकडे वळणार नाही. चालताना ती नुसता व्यायाम करत नव्हती, वडिलांचा शब्द पाळत होती.

मिहिकाला हे कळलं आणि ती हळू आवाजात म्हणाली, "आत्या, आजोबांचा नेम रोजच्या अंघोळीचा होता ना गं? पायरी काही देव नव्हती."

आत्याने तिला जवळ ओढून घट्ट धरलं.

त्या दिवसापासून नेम पहाटेचा राहिला आणि बाकी सगळं बदललं. एक दिवस घाटाची चढण, तीही थोडं भरभर, थोडं सावकाश अशी. एक दिवस पाण्याचे कॅन उचलायचे, म्हणजे हातांना आणि पाठीला काम. एक दिवस नुसता आराम, कारण स्नायूंना दुरुस्तीला वेळ लागतो. रात्रीचं जेवण परत सुरू झालं, पोटभर पण बेताचं. पाऊस सुरू झाल्यावर बाहेर पडता येईना, तेव्हा मिहिकाने पडवीत फुगडीची टूम काढली.

"या वयात फुगडी?" आत्या लाजली. पण पाय जुळवले, हात धरले आणि मागे झुकून गरगर फिरल्यावर तिला थांबावंसंच वाटेना. दोघी धापा टाकत खाली बसल्या. मग बगळोबाची पाळी आली. पहिल्याच गिरकीत तो हात सुटून तुळशीपाशी जाऊन पडला. उठून त्याने छातीकडे पाहिलं आणि समाधानाने जाहीर केलं, "एका फुगडीत बरीच बॅटरी गेली. हा प्रकार फारच उत्तम आहे."

वजन मात्र लगेच हललं नाही. उलट पहिल्या आठवड्यात थोडं वाढलंच. आत्याचा चेहरा पडला, पण तिने नाव मागे घेतलं नाही. "नव्या कामाने दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात," ती मिहिकाला आणि त्याहून जास्त स्वतःला समजावत म्हणाली. "काटा एकटाच साक्षीदार नाही. घाट चढताना मला आता तुझ्याशी बोलता येतं, हेही लक्षात घे." आणि आषाढ सरता सरता काटा जागचा हलला. हळूहळू, रडतखडत, पण खालीच. एखादी कसरत फार सोपी वाटायला लागली की आत्या म्हणायची, "शिकलं बघ शरीर! आता पुढचा धडा." तिला राग येणं बंद झालं होतं. मिहिकाला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच होता.

गणपती उठले. आभाळ निवळून कापसासारखे ढग जमायला लागले. फुग्याच्या पाळण्याशेजारी शेलारकाका काटा घेऊन उभे होते.

"गार्गीबाई, फुगा हाय त्यो, त्येला भीडमुर्वत कळत न्हाई," ते म्हणाले. "सत्तर म्हंजे सत्तर. बूट-डगल्यासकट."

आत्या काट्यावर चढली. मिहिकाने डोळे मिटून घेतले.

"चला, बसा पाळन्यात," शेलारकाका म्हणाले. "काटा अजून थोडा मोकळाच हाय."

मिहिकाने डोळे उघडले तेव्हा आत्या पाळण्यात चढत होती. फुगा सावकाश वर गेला, लहान झाला आणि एका मोठ्या पांढऱ्या ढगाच्या पोटात दिसेनासा झाला. बिनतारी यंत्र नुसतं खरखरत राहिलं. मिहिकाने ते दोन्ही हातांनी कानाशी धरलं.

"आत्या? आत्या, बोल ना!"

"आहे गं, आहे." आत्याचा आवाज अगदी हळू होता, देवळात बोलतात तसा. "इथे सगळं पांढरं आहे. माझ्या पापण्यांवर थेंब जमलेत. मी फुंकर मारली ना मिहू, तर माझी फुंकर ढगात मिसळली."

"मी दिसते का तुला?"

"नाही गं राजा. मधे ढग आहे ना."

वर बघून बघून मिहिकाची मान दुखायला लागली होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. तिने ते पुसलं नाही.

"शेलारकाकांना विचारून ठेव," वरून आत्या म्हणाली. "पुढचा पाळणा दोघींचा करता येईल का."