रागिब उस्तादांचा चेहरा

रमजानचा उपास सुटला होता. कैरोतल्या त्या स्टुडिओच्या गच्चीवर चहाचे पेले फिरत होते, आणि राहिलेल्या कामावर परत बसायला पोरांचे पाय उचलत नव्हते. तेव्हा म्हाताऱ्या शौकींनी, सगळ्यांच्या 'अम्म'नी म्हणजे काकांनी, वगदीची गोष्ट काढली. ऐकीव नाही, म्हणाले. वगदी माझ्याच शेजारच्या टेबलावर बसायचा.

वगदीचे काम म्हणजे चित्रातले नको ते पुसायचे आणि नाही ते उभे करायचे. त्या वर्षी रमजानात मालिका रोज लागत होती आणि शेवटचे भाग अजून व्हायचेच होते. त्यातच मालिकेतले नट रागिब उस्ताद वारले. त्यांचा एक प्रसंग राहिला होता. तो दुसऱ्या नटाला उभे करून चित्रित केला, आणि त्याच्या धडावर उस्तादांचा चेहरा बसवायचे वगदीच्या गळ्यात पडले.

उस्तादांची बहीण नाहिद स्वतः येऊन विनवून गेली. या हातांनी त्याचे डोळे मिटलेत, म्हणाली, चाळिसावा दिवस होईपर्यंत तरी त्याला उठवू नका. वगदीने मान खाली घातली. बायकोचे दिवस भरत आलेले. काम सुटले तर घर कसे चालायचे? त्याने निर्मात्याला विचारून पाहिले.

"मेलेला माणूस कुरकुर करत नाही, वगदी," निर्माता म्हणाला. "तूच तेवढा करतोस."

रमजानची सत्ताविसावी रात्र. रस्त्यापलीकडच्या मशिदीत नमाज चाललेला. वगदीचे डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती. जुन्या भागांतून एकेक सुरकुती उचलून त्याने चेहरा जुळवला. थकव्यात एकच राहिले. पापण्यांची उघडझाप. नवशिक्या करतो ती चूक. उस्ताद नुसते टक लावून बघत राहिले. चूक कळली, पण हात उचलेना. त्याने जरा डोके टेकले...

जाग आली ती शांततेने. मशीद निजलेली. पंखा थांबलेला. वीज गेली होती.

पडदा मात्र उजळ होता.

उस्ताद बघत होते. समोरच्या नटीकडे नाही...

त्याच्याकडे.

"वगदी... बेटा, थकलो रे. किती वेळ उघडे ठेवशील?"

  वगदीने दोन बोटे पडद्याच्या काचेवर ठेवली, आपल्या गेलेल्या माणसाच्या पापण्यांवर ठेवतात तशी... हळूच खाली ओढली.

काचेखाली पापण्या हलल्या.

मिटल्या.

अंधार.

"पण अम्म," एक पोरगी हळूच म्हणाली, "रमजानात तर सैतानांना बेड्या असतात."

"सैतानाचं नाव मी घेतलं का, पोरी? दमलेला माणूस होता तो. देव त्याला निवांत ठेवो."

सकाळी वगदीने सांगून टाकले, चेहरा मी करणार नाही, मला कामावरून काढायचे तर काढा. निर्माता बडबडला, पण भाग त्याच रात्री लागायचा होता. प्रसंग नटाला पाठमोरा दाखवूनच गेला. वगदीची नोकरी टिकली, आणि ईदेला मुलगी झाली.

अम्म शौकींनी पेला खाली ठेवला. चहा कधीच गार झाला होता.

त्या सकाळी वगदीला हलवून उठवले ते त्यांनीच. त्याच्या खांद्यावर तपकिरी अबाया, पुरुषांचा ढगळ झगा, पांघरलेला होता, मालिकेत उस्ताद घालायचे तो. कपड्यांच्या खोलीला कुलूप होते. किल्ली कपडे सांभाळणाऱ्या बाईच्या घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

अम्म शौकींनी अबाया उचलला, तर आतले अस्तर ऊबदार लागले... वगदीचे खांदे मात्र गार होते.