सगळा नकाशा हिरवा

मंगळावरच्या वस्तीत सहा घुमट होते. निवडणुकीच्या निकालाच्या नकाशात त्यांतले पाच हिरवे झाले, म्हणजे तिथे शाल्मली पुढे. तरी बालपंचायतीची सरपंच झाली निहिरा, जिचा तांबडा रंग नखाएवढ्या कारखाना-घुमटावर तेवढा दिसत होता. असं कसं झालं?

नव्या सरपंचाला त्याच संध्याकाळी पृथ्वीवरच्या मुलांना निरोप पाठवायला मिळणार होता. शाल्मलीनं तर भाषण पाठही करून ठेवलं होतं. आधीच निहिराची वेणी लांब, अक्षर वळणदार, बाई तिलाच फळ्यावर लिहायला बोलावणार; त्यात आता हे. शाल्मलीच्या पोटात दुखत होतं ते उगीच नाही.

तक्रारीचा कागद घेऊन ती वस्तीचे नकाशे काढणाऱ्या इंदूआजीकडे गेली.

"आजी, यावर सही कर. निहिरानं लबाडी केलीय. नकाशाच बघ ना."

आजीनं कागद वाचला, पण पेन उचललं नाही. "माझ्या लहानपणी पृथ्वीवर वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर फळ्यावर खडूनं निकाल लिहायचे. आम्ही शेंगा सोलत आकडे वाचायचो. रंगीत नकाशे मागून आले. फार देखणे, पण डोळे फसतात त्यांनी."

"माझे नाही फसले."

"बरं. तुझ्या घुमटात मुलं किती?"

"बारा."

"आणि बटाटे?"

"लाखभर असतील."

"मग बटाट्यांनी कुणाला मत दिलं ग?"

शाल्मलीनं भिंतीवर उजळलेल्या नकाशाकडे पुन्हा पाहिलं.

"हा नकाशा जमीन रंगवतो, माणसं नाही," आजी म्हणाली. "ज्या घुमटात जो पुढे, तिथली सगळी जमीन त्याच्या रंगाची. तुमच्या पाच शेती-घुमटांत मिळून साठ मुलं. कारखाना-घुमटात एकट्यात नव्वद. तिथे लोकसंख्येची घनता (ठरावीक जागेत किती माणसं राहतात ते माप) जास्त. आता ठिपक्यांचा नकाशा (एक मत म्हणजे एक ठिपका) बघ."

तिनं भिंतीला बोट लावलं. हिरवी जमीन विझली आणि ठिपके उमटले. शेतांवर विरळ, कारखान्यावर मुंग्यांसारखे दाट. शाल्मलीनं मोजले. हिरवे पासष्ट, तांबडे पंच्याऐंशी.

"माझ्या घुमटात चार तांबडे? कोण ते?"

"ते नकाशा सांगत नाही आणि सांगूही नये. मत गुप्त असतं."

मग तिला दिसलं, कारखाना-घुमटात तिचे वीस ठिपके होते. ती तिथे मतं मागायला एकदाही गेली नव्हती. तेलाचा वास येतो म्हणून.

"वीस जणांनी मला न बघताच मत दिलं?"

"गेली असतीस तर किती झाले असते, ते मला नाही सांगता येणार."

शाल्मलीनं कागदाची घडी घातली आणि कारखाना-घुमटाची गाडी पकडली. तिथे निहिरा निरोपाच्या यंत्रासमोर नखं खात बसली होती.

"भांडायला आलीस?"

"येणार होते. तू काय सांगणार आहेस?"

"कारखान्याचं सांगेन. शेतीचं मला काही माहीत नाही. पृथ्वीवरच्यांनी बटाट्यांचं विचारलं तर?"

वेणी आजही शाल्मलीपेक्षा लांबच होती, आणि ते आजही खुपत होतं. तरी तिनं तक्रारीचा कागद उलटा केला, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर बटाट्यांची माहिती लिहिली आणि निहिरापुढे सरकवला.

"हे वाच. मग मला तुमच्या गल्ल्या दाखव, सगळ्या. पुढच्या वर्षी मी पुन्हा उभी राहणार आहे."