शेवटच्या सुरानंतर

जुन्या टेपा वाजवण्याआधी शेकाव्या लागतात. सत्तरच्या दशकातल्या टेपांवरचा लेप ओल धरून चिकट होतो. तशीच मशीनवर चढवली तर टेप किंचाळते आणि तिच्यावरचं गाणं तपकिरी भुकटी होऊन खाली झडतं. मी त्यासाठी फळं सुकवायची विजेची पेटी वापरते. मंद आच, आठ तास. त्याआधीच्या, साठच्या दशकातल्या टेपांना शेकावं लागत नाही; त्यांना नुसता आंबूस वास येतो. नॅशव्हिलमध्ये, सतराव्या अव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत मी तेवीस वर्षं हा उद्योग करते आहे. माझं नाव जोएटा पार्ड्यू. आवाज कुठून आला ते सांगणं हा माझा धंदा, आणि आवाज कुठून तरी आलेला असतोच, एवढं मी धरून चालत होते.

२०१३च्या मार्चमध्ये एका रेकॉर्ड कंपनीने गायिका व्हर्लीन स्टिडहॅमच्या एकसष्ट टेपा माझ्याकडे पाठवल्या. पहिल्या रेकॉर्डला पन्नास वर्षं होत होती आणि कंपनीला त्यांची पहिल्या क्रमांकावर गेलेली सतरा गाणी एका पेटीत घालून विकायची होती. पहिलं १९६३चं, बाई तेव्हा बावीस वर्षांच्या. शेवटचं १९८८चं. त्यानंतर त्यांनी गाणं सोडलं. घसा गेला, असं पेपरात आलं होतं. माझ्या आईने त्यांच्या गाण्यांवर तीन पोरं वाढवली आणि दोन नवरे घालवले; त्यामुळे मला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता.

रेकॉर्डवर गाणं हळूहळू विरत जातं, म्हणून ऐकणाऱ्याला एक गोष्ट कधीच कळत नाही. शेवटचा सूर वाजला की स्टुडिओत कोणी हलत नाही. तारांची थरथर पूर्ण विझेपर्यंत वादक श्वास धरून बसतात. खुर्ची करकरली तरी तो टेक, म्हणजे गाण्याची ती खेप, वाया जातो. ती पाच-सहा सेकंदांची शांतता मूळ टेपेवर तशीच असते.

१९६३च्या टेपेवर सात टेक होते. पहिल्या सहांत शेवटी नुसती शांतता. सातव्यात स्टील गिटारचा सूर विझला, आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी म्हणालं, "हेच."

कोणी वादक कंटाळला असेल, असं मला वाटलं. कागदावर खूण केली आणि पुढच्या टेपेकडे वळले.

१९६७चं गाणं. तीन टेक कोरे. चौथ्यानंतर तोच शब्द, तोच आवाज.

मग मी सगळी कामं बाजूला ठेवली आणि नऊ दिवस दुसरं काही केलं नाही. एकंदर दोनशे चौदा टेक. त्यातल्या सतरांच्या शेवटी तो शब्द होता. जे सतरा टेक रेकॉर्ड म्हणून बाहेर पडले, त्याच सतरांच्या.

आवाज बाईचा की पुरुषाचा, ते ठरवता येईना. त्यात आनंद नव्हता, कौतुक नव्हतं. दुकानात दहा कापडं उलगडून पाहिल्यावर गिऱ्हाइकाने अकराव्यावर बोट ठेवावं, तसा तो बोलायचा. पंचवीस वर्षांत तो म्हातारा झाला नव्हता. मात्र तो पुढे सरकला होता. आवाजासोबत खोलीचा घुमारा किती येतो, यावरून बोलणारा माइकपासून किती लांब आहे ते मला काढता येतं. १९६३मध्ये तो दारापाशी होता. १९६७मध्ये ड्रमच्या अलीकडे. १९७४मध्ये पियानोजवळ. १९८८मध्ये तो इतका जवळ होता की 'हे'चा वारा माइकवर आपटला होता.

ऑर्बी मॅडक्स या सतराही गाण्यांत स्टील गिटार वाजवायला होते. वय एक्याऐंशी. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते ओसरीवर बसून शेंगा सोलत होते.

"आवाज? छे! आम्ही नाही बुवा ऐकला," ते म्हणाले. "आणि ऐकला असता तर बोलणाऱ्याला हाकललं नसतं का?"

"मग कुठला टेक घ्यायचा, ते कोण ठरवायचं, ऑर्बीकाका?"

"व्हर्लीन. दुसरं कोण? टेक संपला की मान अशी तिरकी करायची. मग म्हणायची, झालं, चला घरी. कंपनीचा साहेब म्हणायचा, बाई, तिसरा बरा होता. ही म्हणायची, तिसरा तुमच्या बायकोला ऐकवा. आणि दरवेळी हिचंच खरं व्हायचं. सोन्याचा कान म्हणायचे गावात." त्यांनी शेंगांचं टोपलं खाली ठेवलं. "पण एक सांगू, पोरी? मान तिरकी करताना ती खूश नसायची. डॉक्टर कागद वाचत असताना रोगी असतो ना, तशी उभी असायची."

ऑर्बीकाकांनी त्यांना फोन केला असणार. मंगळवारी सकाळी दहाला व्हर्लीनबाई माझ्या दारात उभ्या होत्या. बहात्तर वर्षांच्या, काटक, पांढऱ्या केसांची वेणी, हातात काळी पर्स. बसा म्हणायच्या आत बसल्या.

"ऐकव," त्या म्हणाल्या.

मी १९६३चा सातवा टेक लावला. बावीस वर्षांची व्हर्लीन गात असताना बहात्तर वर्षांच्या व्हर्लीनबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तो शब्द आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"मला वाटायचं, मलाच ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "टेपेवर असेल असं कधी मनात आलं नाही. रेकॉर्डवर तर नसायचा."

"कोण आहे तो?"

"मला काय ठाऊक? मी कधी विचारलं नाही. विचारलं आणि त्याने उत्तर दिलं, तर?"

बराच वेळ त्या पर्सचं बक्कल उघडत-मिटत राहिल्या. मग बोलल्या. १९८८च्या त्या टेकनंतर त्यांच्या कानाच्या पाळीला गार श्वास लागला होता. त्या दिवसापासून त्या माइकसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. घसा ठणठणीत होता.

"त्याचं मला इतकं नाही गं. दुसरंच सलतं. माझा भाऊ होता, एस्टिल. केंटकीत, खाणीत. मला पहिली गिटार त्याने घेऊन दिली, स्वतःचे फाटके बूट न शिवता पैसे साठवून. आई त्याच्या डब्यात सफरचंदाची करंजी द्यायची, आणि तो रोज अर्धी माझ्यासाठी परत आणायचा. बावीसचा होता. छत कोसळलं. संध्याकाळी डबा घरी आला, त्यात अर्धी करंजी होती."

मी मशीन बंद केलं.

"त्याच्यावर गाणं केलं मी. १९७४ साली दोन दिवसांत एक्केचाळीस वेळा गायले. आणि दरवेळी शेवटी मान तिरकी करून वाट बघत उभी राहिले. तो आवाज बोललाच नाही. मग मीच म्हणाले, टाकून द्या. माझ्या सख्ख्या भावाचं गाणं! मला जे आवडलं, त्यावर तो कधीच बोलला नाही, जो. एकदाही नाही."

त्यांचा बेत त्या ठरवूनच आल्या होत्या. 'एस्टिलचा डबा' पुन्हा गायचं, टेपेवरच. मशीनवर मी बसायचं. प्रत्येक टेक संपला की शेवटची शांतता मी एकटीने कानाला हेडफोन लावून ऐकायची. तो शब्द असेल तर तो टेक पुसून टाकायचा.

"त्याने निवडलेलं मला नको. एक तरी गाणं माझं असू दे. शब्द दे."

मी शब्द दिला.

ऑक्टोबरात एका बुधवारी सकाळी अकराला आम्ही माझ्याच दोन खोल्यांत सुरू केलं. चार वादक, त्यांत ऑर्बीकाका. बाहेर लख्ख ऊन होतं आणि गल्लीत कोणीतरी झाडाची पानं गोळा करत होतं. दोन खोल्यांमधल्या काचेपलीकडे व्हर्लीनबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. माइक मुद्दाम तिथे ओढून घ्यायला लावला होता.

चार टेक झाले. चारही बरे. चारही कोरे.

"अगं, बहात्तरीत आवाज जरा गंजलाय," त्या माइकमधून म्हणाल्या.

"गंजला नाही, मुरलाय," ऑर्बीकाका म्हणाले. "लोणच्यासारखा. गा आता, नाहीतर माझी बोटं झोपतील."

पाचवा टेक कसा झाला ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या कडव्यात डबा उघडण्याची ओळ आहे. तिथे त्यांनी आवाज चढवला नाही. एखादं झाकण खरोखर उघडावं तितक्याच हळू ती ओळ म्हटली. ऑर्बीकाका रडत होते आणि हात चुकत नव्हता. सूर विझला. कोणी हललं नाही.

मी टेप मागे घेतली आणि हेडफोन लावले.

"हेच."

या वेळी मला अंतर काढता येईना. आवाजाला घुमारा नव्हता. भिंती नव्हत्या, खोली नव्हती.

मी मान वर केली. काचेपलीकडे व्हर्लीनबाई हसत होत्या. मान सरळ होती. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वाट पाहिली नव्हती.

"जो?" त्या म्हणाल्या. "हा मला हवाय. मला, कळलं? आहे का काही?"

टेप कापायचं ब्लेड माझ्या हाताशी होतं. त्यांचा चेहरा समोर होता.

"काही नाही," मी पलीकडे बोलायचं बटण दाबून म्हणाले. "स्वच्छ आहे."

सगळे जेवायला गेल्यावर मी त्या शब्दापुरती बोटभर टेप कापली आणि केराच्या टोपलीत टाकली.

आठवडाभराने फोन आला.

"खरं सांग, जो. नव्हतं ना काही?"

"नव्हतं, बाई. शपथेवर सांगते."

माझं बोलून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. विचार करत असतील, असं मला वाटलं.

फेब्रुवारीत गाणं बाहेर पडलं. एप्रिलमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. अठरावं. इतक्या उतारवयात इतक्या वर गेलेली दुसरी बाई कोणाला आठवेना. कंपनीने दुपारचं जेवण दिलं. फोटो झाले, भाषणं झाली, केळ्याची खीर झाली. व्हर्लीनबाई सगळ्यांशी बोलल्या, पण ताटातलं काही खाल्लं नाही. त्या आता गाडी चालवत नसत, म्हणून त्यांना हेंडरसनव्हिलला घरी सोडायला मी निघाले.

आम्ही नदी ओलांडली. पर्स मांडीवर होती. तीन वाजले होते, रस्ता मोकळा होता.

"मला जे आवडलं, ते कधी चाललं नाही, जो," त्या म्हणाल्या. "हे चालतंय."

"लोकांना आवडलं, बाई. इतकं साधं आहे."

"लोकांना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "परत एकदा सांग. पाचव्या टेकच्या शेवटी काय होतं?"

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आधी ब्लेडकडे बघावं लागलं होतं. दुसऱ्यांदा शपथ घ्यावी लागली होती. या वेळी मला काहीच करावं लागलं नाही. शब्द आपोआप आले, अगदी खऱ्यासारखे. मलासुद्धा ते खरे वाटले.

"काही नव्हतं, बाई. तुमचं गाणं होतं, आणि ते संपल्यावर शांतता होती."

गाडीत शांतता होती.

मग मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "हेच."

माझी नजर आरशाकडे वळायला लागली. व्हर्लीनबाईंनी हात वर करून आरसा छताकडे फिरवला.

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा फक्त फार थकलेला होता.

"रस्त्याकडे बघ, पोरी," त्या म्हणाल्या.

उरलेले अकरा मैल मी रस्त्याकडे बघितलं. मानेवरचे माझे केस दर चार-पाच सेकंदांनी हलत होते. काचा बंद होत्या.

घर आलं. फाटकाजवळ मी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं. व्हर्लीनबाईंनी माझ्या हातावर एकदा थोपटलं आणि त्या उतरल्या. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले.

त्यांचं दार बंद झालं. मग, त्याच्या मागचं.