थोरल्या सरकारांचं ताट

दिवा राहू दे तसाच. ज्याला खिदळायचंय त्यानं आत्ताच घरी जावं. अर्ध्यात उठलेला मला चालत नाही.

टेकडीवरच्या समाधीची राखण करतो तो शुइचि माहीतेय ना? माझ्या साकेच्या गुत्त्यावर येतो. त्याचीच गोष्ट. त्यानंच सांगितली, न पिता.

शुइचि घरजावई; राखण सासऱ्याच्या घराण्याची. समाधी थोरल्या सरकारांची, कागेहिरांची. दलदल उपसून आपलं हे गाव वसवलं, संस्थान उभं केलं, ते. त्यांचा बाप मोठा लढवय्या, पण तहाच्या वेळी त्यानं ह्याच पोराला शत्रूकडे ओलीस ठेवलं. दुधाचे दात पडायचं वय. तिथं शत्रूच्या ताटातला पहिला घास ह्या पोराला खायला लावत. विष निघालं तर परक्याचं पोर मरेल, त्यांचं काय जातंय! पुढं राज्य आलं, पण दुसऱ्यानं चाखल्याशिवाय सरकारांनी पाणी घेतलं नाही. अजून नाही घेत. पुण्यतिथीला ताट वर जातं. नेणाऱ्यानं आधी एक घास खायचा, मग ठेवायचं.

गेल्या साली, नऊ ऑक्टोबर, पुण्यतिथीची रात्र. आदल्या दिवशी वादळ होऊन गेलेलं. सासरा अंथरुणाला खिळलेला. म्हणाला, "ताट रीतीनं पोचव. उद्यापासून समाधीची किल्ली तुझी."

चुलीपाशी सासऱ्याचा पुतण्या, काझुमा. त्या किल्लीवर त्याचा लहानपणापासून डोळा.

"सारातल्या अळंब्या मी स्वतः रानातून आणल्यात, जावईबापू. चाखा हं पोटभर!"

"तू चाखलंस?"

"मी? मान तुमचा. आम्ही काय, भांडी घासणारे!"

शुइचि ताट घेऊन निघाला. वाटेत देवदाराच्या फांद्या मोडून पडलेल्या. डोक्यात तेच... पोटभर. एरवी हा काझुमा साधं पाणी विचारत नाही.

समाधीपाशी त्यानं वाडग्याचं झाकण काढलं. वास चांगला होता. फारच चांगला. वाडगा ओठापर्यंत नेला... खाली ठेवला. झाकण लावलं.

"चाखलंय, सरकार."

ताट आत सरकवलं. दार ओढलं. कपाळ जमिनीला टेकलं.

वारा पडलेला. पान हलत नव्हतं.

टक्.

आत कुणीतरी झाकण काढलं.

मग चावल्याचा आवाज. सावकाश... अगदी जमिनीलगत. मोठं माणूस इतकं खाली बसत नाही.

आवाज थांबला.

"सरकार...?"

...

दार बोटभर सरकलं. आतून. फटीतून सार वाहत आलं, सगळंच्या सगळं. त्याची बोटं भाजली. वर बघायची त्याची छाती झाली नाही.

शुइचि घरी परतला. प्रसाद घरातल्या सगळ्यांनी खायचा असतो. काझुमानं विचारलं, "सार कुठाय?"

"सांडलं."

"सगळं?"

"सगळं."

काझुमा उठून बाहेर गेला. सकाळी घरात नव्हता. अळंब्या कसल्या होत्या ते मला विचारू नका.

किल्ली शुइचिकडे आली. हिवाळ्यात मी त्याच्याकडे जेवलो. बायकोनं माझ्यासमोर उकळतं सार वाढलं, झाकणं घातली. वाफेनं शुइचिचं झाकण असं बसलं की दोन्ही हातांनी वाडगा दाबला तेव्हा निघालं.

आत टोफूचा तुकडा. चावलेला.

 शुइचि जेवायला लागला.

मी वाकून बघितलं. लहान दात... आणि मधला एक पडलेला.