वाटीतले निळे खडे

काचेचं कपाट उघडलं आणि ग्रंथपालबाई मटकन खाली बसल्या. मधला कप्पा रिकामा होता. औषधनिर्माण महाविद्यालयातले जुने-नवे प्रबंध, एकूण एक, गायब!

"कुलूप शाबूत आहे," ग्रंथालय समितीचे अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे किल्लीनं उघडलं. किल्ली तुमच्याकडे."

"दुसरी बैठकीच्या खोलीत असते, सर. टेबलाच्या खणात."

"म्हणजे आता समितीच चोर?"

समितीनं नुकतंच ठरवलं होतं की सगळे प्रबंध स्कॅन करायचे, संगणकावर चढवायचे आणि नक्कल पकडणाऱ्या यंत्रणेतून एकमेकांशी ताडून पाहायचे. काम आजच सुरू व्हायचं होतं.

"संध्याकाळपर्यंत प्रबंध आले नाहीत तर निलंबन," अध्यक्षांनी जाहीर केलं. "आणि पोलिसात तक्रार. रद्दीत घातले असतील!"

बाईंच्या घरी नवऱ्याचं काम सुटलेलं, दोन मुली शिकत असलेल्या. निलंबनानंतर चोर ठरलेल्या ग्रंथपालाला कुठलं ग्रंथालय उभं करणार?

समितीच्या सचिव औषधशास्त्र शिकवत. चहात साखर किती, हेही त्या "डोस किती?" असं विचारत, म्हणून अख्खं महाविद्यालय त्यांना डोसमावशी म्हणे. त्या बाईंच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

"ताई, कपाट शेवटचं कधी उघडलंत?"

"शुक्रवारी. आत दमट वास येत होता. ओल शोषायला ते खडे ठेवतो ना वाटीत, ते पार गुलाबी पडले होते. प्रयोगशाळेला सांगून सांगून थकले, कोणी बदलून देईल तर शपथ. तशीच वाटी ठेवून कुलूप लावलं."

मावशींनी कपाटात डोकावून पाहिलं. वाटीत निळे खडे होते. त्या उठल्या आणि वनस्पती विभागाकडे निघाल्या.

विभागाचे प्रमुख, समितीचेच एक सदस्य, आपल्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांत पानं दाबून वाळवत बसले होते.

"स्कॅनिंगला विरोध तुम्हीच केलात ना?"

"केला की! माझ्या विद्यार्थ्यांनी तुळशीच्या नावाखाली भलतंच रोपटं छापलंय. ते जगाला दाखवू? पण मावशी, चोरायचेच असते तर मी माझेच दोन-चार उचलले असते. अख्खा कप्पा उचलायला माझी कंबर कुठे साथ देते?"

पुढं गोळ्यांची प्रयोगशाळा. तिथले सरही समितीवर होते. ते नुकतेच डॉक्टरेट मिळवून आले होते, म्हणून सगळे त्यांना 'नवे डॉक्टर' म्हणत.

"तुमचा प्रबंधही गेला की हो त्यात."

"हो ना. जिवाचं पाणी करून लिहिला होता."

"विषय काय होता?"

"गोळीवरचं आवरण का तडकतं." त्यांनी कपाळ पुसलं. "ग्रंथपालबाईंबद्दल वाईट वाटतं हो. पण गरज माणसाला काहीही करायला लावते."

"खरं आहे," मावशी म्हणाल्या.

कोपऱ्यात उंच पोलादी यंत्र होतं. औषधं उष्ण, दमट हवेत कितपत टिकतात, ते पाहायला गोळ्या त्यात महिनोन्महिने ठेवतात. दारावर चिठ्ठी होती: 'प्रयोग चालू. उघडू नये.' मावशींनी जाता जाता दाराला टेकून चप्पल नीट केली. दार गार होतं.

दुपारभर शोध झाला. भांडार, गच्ची, रद्दीची खोली, सगळ्या प्रयोगशाळा. प्रबंध नाहीत. अध्यक्षांनी निलंबनाचा कागद टंकून आणवला. बाईंनी सही करायला पेन घेतलं.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "बैठक गोळ्यांच्या प्रयोगशाळेत घेऊ."

तिथं त्यांनी वाटी टेबलावर ठेवली.

"शुक्रवारी हे खडे गुलाबी होते. ओल प्यायले की गुलाबी, भट्टीत वाळवले की पुन्हा निळे. कपाट बंद होतं, म्हणजे ज्यानं प्रबंध नेले त्यानंच खडे बदलले. सांगा, चोरी करताना असली टापटीप कोण करेल? ओल लागली की गोळी बिघडते, हे ज्याच्या हाताला सवयीनं ठाऊक असतं तोच. गुलाबी खडे दिसले की त्याला राहवतच नाही. बाईंना ते वाळवता येत नाहीत. वनस्पतीवाले वर्तमानपत्रावर भागवतात. आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही प्रयोगशाळेचा उंबरा शेवटचा कधी ओलांडलात?"

अध्यक्ष खाकरले.

"आज सगळं धुंडाळलं, हे यंत्र सोडून. 'उघडू नये' लिहिलेलं दार आपल्यातला कुणी उघडत नाही. दुसऱ्याचा प्रयोग नासवणं आपल्याकडे पाप. पण आत प्रयोग चालू असता तर दार कोमट लागलं असतं. यंत्र बंद आहे. कारण दमट उष्णतेत कागद कुजला असता."

"उघडू नका!" नवे डॉक्टर किंचाळले. "माझे नमुने आहेत आत!"

मावशींनी दार ओढलं. आत प्रबंध कोरड्या फडक्यात गुंडाळून, एकावर एक रचलेले होते.

त्यांनी दोन बाहेर काढले. एक नव्या डॉक्टरांचा, एक त्याच विषयावरचा, पुष्कळ जुना. दोन्हीत तडकलेल्या गोळीचा फोटो होता. तोच तडा, तीच गोळी.

"हा जुना एकच नेला असता तर बोट तुमच्याकडे गेलं असतं. म्हणून सगळे."

नवे डॉक्टर स्टुलावर बसले. "प्रयोग फसत होते, मुदत संपत होती. स्कॅनिंग झालं असतं तर... जाळणारच होतो, मावशी. काडी ओढवेना."

"प्रबंध जाळवेनात. आणि ह्या बाईंचं घर?"



अध्यक्षांनी निलंबनाचा कागद हळूच घडी करून खिशात सरकवला. "बाई, झालं गेलं विसरा. निलंबन रद्द समजा."

ग्रंथपालबाई एकेक प्रबंध फडक्यातून सोडवत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"चोर म्हणालात ते चारचौघांत, सर. नाही म्हणायचं तेही चारचौघांत. आणि खिशातला कागद टंकलेला आहे, तसंच हेही टंकून आणा. मी इथंच उभी आहे."