दोराचं दुसरं टोक

शिक्रापूरच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. मोजमापात जे दिसतं तेवढंच लिहायचं, ही सवय. हेही तसंच सांगते.

डिसेंबरात मी आणि माझी रूममेट ललिता अंदमानला जाणार होतो. पाठीला हवेची टाकी लावून भाड्याच्या बोटीतून समुद्रात उतरायचं, प्रवाह नेईल तिकडं पाण्याखालून वाहत जायचं आणि मागोमाग आलेल्या बोटीनं उचलून घ्यायचं. महिनाभर आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं. पण आमचे प्रशिक्षक सत्यजीत सर म्हणाले, "आधी भीमेत करून दाखवा. वाहत कुणीही जातं. बोटीला सापडता आलं पाहिजे."

म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी दहाला आम्ही दौंडच्या रेल्वे पुलाच्या खालच्या अंगाला कोंडिबा मामांच्या होडीत बसलो होतो. मामा मासे धरणारे; होडीला छोटं इंजिन. पाणी निवळलं होतं, पण ओढ चांगली होती.

सरांनी पुन्हा बजावलं. नारंगी फ्लोट वर तरंगणार, त्याच्या दोराचं रीळ माझ्या हातात, होडी फ्लोटच्या मागं. माझ्या आणि ललिताच्या पट्ट्यांना जोडणारा सहा फुटी दोर. एक हिसका म्हणजे 'ठीक आहेस?' उत्तरही एकच. तीन म्हणजे 'वर चल.' जोडीदार सुटला तर एक मिनिट शोधायचं आणि सरळ वर यायचं.

"कळलं हो सर, आता सोडा आम्हाला!" ललिता म्हणाली आणि आम्ही पाठमोऱ्या पाण्यात पडलो.

वीस फूट खाली गेले आणि प्रवाहानं मला उचललं. पाय मारायची गरजच नव्हती. खालून वाळू, गोटे, शेवाळलेला कातळ पळत होता. मी उडत होते! आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. हातभराच्या पलीकडं सगळं हिरवट, तपकिरी. उजवीकडची ललिता दिसत नव्हती, पण दोर होता. मी एक हिसका दिला. एक आला.

थोड्या वेळानं पुन्हा दिला. पुन्हा आला.

तिसऱ्या वेळी मी हात उचलायच्या आतच हिसका आला. मी तोंडातल्या नळीतच हसले. ही माझ्याहून उतावीळ!

मग लक्षात आलं, दोर उजवीकडं नाही. तो पुढं गेलाय, आणि खाली. मी तळापासून हातभरच वर होते. आणखी खाली जायला जागाच नव्हती.

मी तीन हिसके दिले.

तीन आले. सावकाश.

मी वर निघाले. दोर ताणला गेला आणि तसाच राहिला. मग एक हिसका.

'ठीक आहेस?'

मी उत्तर दिलं नाही.

पुन्हा एक.

मी पट्ट्याचा हूक काढला. हातातलं रीळही सोडून दिलं आणि वर आले.

डोकं बाहेर येताच शिट्टी फुंकली. होडी वीस-पंचवीस फुटांवरच होती. सरांनी टाकी पाठीला लावलेली, ते उतरायच्या बेतात होते. त्यांच्या शेजारी टॉवेल गुंडाळून ललिता बसली होती.

"कुठं होतीस गं!" ती रडायलाच लागली. "उतरल्यावर लगेच माझा हूक सुटला. मिनिटभर शोधलं आणि वर आले."

"कधी?"

"चार मिनिटं झाली," सर म्हणाले. "तू लगेच यायला हवं होतंस. नियम काय होता?"

मला होडीत ओढून घेताना मामांचे हात थंड लागले. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"ताई, तुमच्यासंगं आन् कोन व्हतं?"

"कुणी नाही, मामा."

"फ्लोटापाशी बुडबुडं दोन जागी येत व्हतं. म्या सायबांना म्हनलं, एक बाई तर वर आली, मंग ह्ये दुसरं कुनाचं?"

"टाकी गळत असेल," सर म्हणाले. त्यांनी माझी टाकी उलटसुलट करून पाहिली, कान लावला. गळत नव्हती.

फ्लोट होडीला येऊन टेकला होता. सरांनी वाकून तो उचलला. मला वाटलं, आता वीस फूट दोर ओढावा लागेल. टोकाला तळाशी पडलेलं रीळ. पण फ्लोटबरोबर रीळही लगेचच वर आलं. सगळा दोर त्यावर गुंडाळलेला होता, घट्ट, एकावर एक सारखे वेढे. अनुभवी माणूस वर येताना सावकाश गुंडाळत येतो, तसा.

"छान गुंडाळलंस," सर म्हणाले.

"मी ते खालीच सोडलं होतं, सर."

पुलावरून मालगाडी चालली होती. कोंडिबा मामांनी होडीच्या काठावर टेकलेला आपला हात हळूच आत घेतला.